हातगुण

लॅबमध्ये नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट शिकवते. नाव झाकणावर लिहायचं नाही, बुडाला लिहायचं. जंतू वाढवायची प्लेट म्हणजे दोन चपट्या बशा. खालच्या बशीत जेलीसारखं थिजलेलं खाद्य असतं, त्यावर जंतू वाढतात. वरची बशी म्हणजे नुसतं झाकण. झाकणं दिवसभर काढावी-घालावी लागतात, आणि टेबलावर चार झाकणं उघडी पडली की कुठलं कुणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. बूड मात्र आपल्या जंतूंना सोडून जात नाही. इतकं सोपं आहे हे. तरीही हात धुण्याच्या दिवशी नेमकी तीच चूक झाली, आणि ती केली मेट्रनबाईंनी. त्यांना चूक दाखवायची आमच्या हॉस्पिटलात कुणाची टाप नाही.

हात धुण्याचा दिवस ही माझीच टूम. वर्षातून एकदा जिन्याखाली टेबल मांडायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पंजा मोठ्या प्लेटवर दाबून घ्यायचा, प्लेटा रात्रभर इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या दारात प्रदर्शन भरवायचं. भाषणं ऐकून कुणी साबणाकडे वळत नाही. पण स्वतःच्या पंजाच्या ठशात पिवळे-पांढरे ठिपके उगवलेले पाहिले की मोठमोठे डॉक्टरही पुढचे आठ दिवस नळाजवळून हलत नाहीत. सुरुवात मी माझ्याच हाताने करते. टेबल पुसायचं, दाराची कडी धरायची, आणि तसाच न धुतलेला हात प्लेटवर ठेवायचा. बघा, जंतूंच्या डॉक्टरणीचाही हात घाणच असतो, असा एक विनोदही दरवर्षी ठरलेला.

नावं लिहायचं काम मेट्रनबाईंनी आपणहून घेतलं होतं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. मी पाहिलं तोवर अर्धी रांग संपली होती.

"मेट्रन, बुडाला लिहायचं असतं हो."

"बुडाला लिहिलं तर वाचणार कसं मॅडम? झाकणावर कसं ठसठशीत दिसतंय बघा."

मागे रांग खोळंबली होती, मी पुढचा पंजा प्लेटवर दाबला. पुढे संध्याकाळी आमच्या टेक्निशियनने पाणी सुटलेली झाकणं पुसायला काढली आणि सगळा गोपाळकाला झाला. या टेक्निशियनला सगळं हॉस्पिटल 'सावकाश' म्हणतं, कारण आग लागली तरी तो आधी "सावकाश, सावकाश" म्हणेल आणि मग उठेल. त्याने झाकणं पुसली, अंदाजाने परत लावली आणि मला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इन्क्युबेटर उघडला. त्याला एक वास येतो, ओल्या गोणपाटाचा आणि शिळ्या घामाचा. मला तो वास आवडतो. प्लेटा नेहमीसारख्याच होत्या, प्रत्येक पंजात आपापली बाग फुललेली. एक प्लेट वेगळी होती.

तिच्यावर पसऱ्या पसरला होता. हे त्या जंतूचं आमचं घरगुती नाव. तो एका जागी राहत नाही, सांडलेल्या दुधासारखा सगळ्या प्लेटवर धावत सुटतो. कुणाच्या तरी हातून तो आला असणार. सगळ्या प्लेटवर त्याची करडी साय धरली होती, आणि मधोमध एक पंजा मोकळा होता. स्वच्छ, आरपार दिसणारा. नुसता ठसा नव्हे. प्रत्येक बोटाभोवती बोटभर जागा सोडून पसऱ्या थांबला होता.

असं रिंगण मी रोज पाहते. जंतूंनी माखलेल्या प्लेटवर आम्ही औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतो. औषध लागू असेल तर टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. जितकं रिंगण मोठं तितका जंतू त्या औषधाला दाद देतो, आणि रिंगण नसेल तर औषध पाण्यात घातल्यासारखं. पण हाताभोवती रिंगण मी कधी पाहिलं नव्हतं.

"कुणीतरी मलम चोळून आलंय," मी म्हणाले.

सावकाशने झाकण वाचलं. "कॅन्टीनचा मॅनेजर."

त्याला बोलावून पुन्हा पंजा घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्लेटवर एवढं उगवलं होतं की तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मग सावकाशने झाकणांची भानगड कबूल केली, आणि मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं तर मी त्या प्लेटच्या मागे लागायचं काही कारण नव्हतं. कचऱ्यात टाकली असती तर चाललं असतं. पण तेव्हा माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं, कारण माझा धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर पडून होता.

घरात त्याला टिल्लू म्हणतात. सहा फूट उंच माणूस, दारातून वाकून येतो, आणि टिल्लू. मोटरसायकलवरून पडला, नडगीचं हाड मोडलं, आत सळई घातली, आणि सळईबरोबर जंतूही आत गेला. त्याच्या जखमेतला पू पहिल्यांदा माझ्याच टेबलावर आला तेव्हा मी टिकल्या मांडून घरी गेले आणि सकाळी येऊन पाहते तो एकाही टिकलीभोवती रिंगण नाही. टिकल्यांच्या कडेपर्यंत जंतू येऊन बसला होता, काही टिकल्यांवर तर चढला होता. परक्या पेशंटची अशी प्लेट मी कितीदा पाहिली आहे. पाहायची, "कशालाच दाद देत नाही" असं लिहायचं आणि चहाला जायचं. त्या दिवशी मी स्टुलावर बसले ती उठलेच नाही.

महिने गेले. हाडांचे डॉक्टर जखम उघडायचे, खरवडायचे, धुवायचे, पुन्हा पू. शेवटी, हात धुण्याच्या दिवसाच्याच आठवड्यात, त्यांनी मला आणि माझ्या भावजयीला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं.

"गुडघ्याखालून काढावा लागेल. आता थांबलो तर विष रक्तात जाईल."

"दुसरं काहीच नाही?" भावजयीने विचारलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"एक औषध उरलंय. मॅडमना विचारा, त्यांनाच माहीत. आजपासून देतो. पण आशेवर राहू नका. सोमवारी टेबलावर घेऊ."

ते औषध मला माहीत होतं. त्याची टिकली मी लावून पाहिली होती. तिच्याभोवतीही रिंगण नव्हतं.

टिल्लूला आम्ही सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चला, एका बुटाचा खर्च वाचला." त्याची सात वर्षांची मुलगी, आमची चिमणी, वॉर्डात यायला परवानगी नव्हती म्हणून खिडकीखालच्या अंगणात उभी राहून हात हलवायची. तिच्याकडे बघून तो हसला, आणि तोंड भिंतीकडे करून रडला. मला काय करावं कळेना. त्याच्या पाठीवर हात ठेवायलाही मला ग्लोव्हज घालावे लागत होते. हॉस्पिटलभर तो नियम मीच केला होता, असल्या जंतूच्या पेशंटला उघड्या हाताने शिवायचं नाही. इतक्या महिन्यांत मी माझ्या भावाला एकदाही शिवले नव्हते.

तिथून मी खाली आले आणि काहीतरी करायचं म्हणून ती प्लेट पुन्हा उजेडात धरली.

मोकळ्या पंजाची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.

लहानपणी टिल्लूने रागारागात दार आपटलं आणि माझी करंगळी बिजागरीत सापडली. ती तेव्हापासून अशीच आहे, वाकडी. मी प्लेटच्या बाजूला माझा उजवा हात धरला. मग हात मागे घेतला. मग पुन्हा धरला. एरवी उजव्या हातात पेन असतं म्हणून प्लेटवर मी डावा ठेवते; या वर्षी नावं मेट्रनबाई लिहीत होत्या आणि मी उजवा ठेवला होता.

मला हसू आलं, हे खरं आहे. आमच्या घरात माझ्या हाताची ख्यातीच होती. आई म्हणायची, "हिच्या हातचं झाड जगत नाही बाई. हाताला गुणच नाही." मी लावलेलं रोप मरायचंही नाही, पण लावलं तेवढंच राहायचं. आईला मी कुंडीला हात लावलेलाही खपत नसे. आणि इकडे लोक चांगल्या डॉक्टरला म्हणतात, त्यांच्या हाताला गुण आहे. माझा हात दोन्हीकडे बसत होता.

अर्थात असल्या गोष्टींवर मी निकाल देत नाही. मी हात साध्या साबणाने धुतला, मग नुसत्या पाण्याने, मग उकळून गार केलेल्या पाण्याने. वाऱ्यावर वाळवला. टिल्लूच्या जंतूने माखलेल्या दोन ताज्या प्लेटा घेतल्या. एकीवर डावा हात ठेवला, एकीवर उजवा. नावं बुडाला लिहिली. इन्क्युबेटरमध्ये प्लेटांची चळत होती, तिच्या मध्ये दोन्ही सरकवल्या.

डाव्या हाताच्या प्लेटवर जंतू जोमाने आला होता, पंजाच्या आतही आणि बाहेरही. उजव्या हाताच्या प्लेटवर पंजा मोकळा होता. कशालाच न बधणारा जंतू करंगळीच्या वाकड्या टोकापासून बोटभर अंतरावर थांबला होता.

एवढ्यावर मी आनंदाने उडी मारली असती. पण सावकाश चळत उतरवत होता, तो थांबला.

"मॅडम, ही वरची प्लेट बघा."

वरची प्लेट दुसऱ्याच पेशंटची होती, लघवीची. तिच्यावर सगळीकडे जंतू वाढला होता आणि मधोमध एक पंजा पुसट मोकळा होता. खालच्या प्लेटवरही तसाच. प्लास्टिकच्या दोन थरांपलीकडे. औषध असं प्लास्टिकमधून जात नाही. काहीच जात नाही.

सावकाशने माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्याने टेबलावरचा त्याचा चहाचा कप उचलला आणि पलीकडच्या खिडकीत नेऊन ठेवला. "सावकाश मॅडम," एवढंच म्हणाला.

मला त्याचा राग आला. मला भीती वाटत होती आणि ती त्याने पाहिली, म्हणून राग आला. कुठलीही शहाणी बाई त्याच क्षणी हा प्रकार चार लोकांना दाखवती, पुन्हा पुन्हा करून पाहती, महिनोन्‌महिने तपासती. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण सोमवार उद्यावर आला होता.

दुपारी वॉर्डात गर्दी नसते. भावजय घरी जेवायला गेली होती. मी टिल्लूच्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं. ऑपरेशनच्या तयारीसाठी सकाळीच त्याचा पाय मांडीपर्यंत भादरला होता. नडगीवर पट्टी होती, आजूबाजूची कातडी लाल आणि तुकतुकीत.

"ताई, एवढ्या उन्हाची कशाला आलीस?"

"तुझा पाय बघायला."

"बघून घे. उद्या मिळायचा नाही."

मी उजव्या हातातला ग्लोव्ह काढला.

"अगं, ग्लोव्ह? तूच तर सगळ्यांना फाडून खातेस."

"गप्प बस."

पट्टीच्या वर, गुडघ्याच्या खाली, मी पंजा ठेवला. त्याची कातडी तापलेली होती. त्याला शिवल्याबरोबर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो लहान असताना ताप आला की मी अशीच त्याच्याजवळ बसायचे. मला स्वतःची थोडी लाजही वाटत होती. जन्मभर ज्या गोष्टींना हसले तीच मी भर दुपारी करत होते. पण हात काढावा असं वाटलं नाही.

"किती गार आहे गं तुझा हात," टिल्लू म्हणाला. आणि थोड्या वेळाने म्हणाला, "बरं वाटतंय. राहू दे."

मी राहू दिला.

संध्याकाळी ताप उतरला. सोमवारी सकाळी लाली ओसरलेली पाहून हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि जखमेतला स्वॅब खाली पाठवला. तो मी स्वतः लावला. प्लेटवर काहीही आलं नाही. पुन्हा लावला, पुन्हा काही नाही. आमच्या रिपोर्टात अशा वेळी दोनच शब्द लिहायचे असतात, 'वाढ नाही'. हे शब्द मी हजारो वेळा लिहिले असतील. त्या दिवशी लिहून झाल्यावर मी ते पुन्हा पुन्हा वाचले.

"शेवटच्या औषधाला दाद दिली बघा पठ्ठ्याने," डॉक्टर म्हणाले. "काय मॅडम, तुमच्या टिकल्या चुकल्या."

"चुकल्या," मी म्हणाले. चुकल्या असतील तर मला हवंच होतं.

भावजयीने मला मिठी मारली. मी उजवा हात पाठीमागे ठेवला.

त्या आठवड्यात आमचा इन्क्युबेटर बिघडला. म्हणजे बिघडला असं कागदावर लिहिलं. ऊब बरोबर होती, ओल बरोबर होती. पण त्यात ठेवलेल्या कुणाच्याही प्लेटवर काहीच येईना. सगळ्या वॉर्डांना 'वाढ नाही, वाढ नाही' असे रिपोर्ट जाऊ लागले आणि डॉक्टर मंडळी खूश. तपासणीसाठी आम्ही एक जंतू पाळून ठेवलेला असतो, हमखास वाढणारा, दगडावर टाकला तरी वाढेल असा. तोही आला नाही. मी सगळे रिपोर्ट परत मागवले, माझ्या पंजाच्या प्लेटा वाफेच्या भट्टीत घालून नष्ट केल्या आणि पलीकडच्या खोलीत दुसरा इन्क्युबेटर चालू केला. तो नीट चालला. जुन्यात आजही काही वाढत नाही. त्याचा तो वासही गेला आहे. दार उघडलं की कसलाच वास येत नाही.

टिल्लूची जखम स्वच्छ होती. इतकी स्वच्छ जखम पाहिली नाही, असं पट्टी बांधणारी सिस्टर म्हणायची. गुलाबी, कोरडी, ना पू ना वास. फक्त ती भरत नव्हती.

"भरेल," डॉक्टर म्हणाले. "इतके महिने कुजलेली जखम आहे, वेळ लागणारच." पुढच्या खेपेला म्हणाले, "रक्तपुरवठा बघायला हवा." रक्तपुरवठा उत्तम होता. त्याच्या पुढच्या खेपेला ते नुसते चष्मा काढून पुसत राहिले.

आणि पायाचे केस. मांडीवर भादरलेले केस परत आले होते, खरखरीत खुंट. गुडघ्याच्या वर एका ओळीत ते थांबले होते. त्या ओळीखाली कातडी गुळगुळीत होती.

मी टिल्लूला घरी पाठवायच्या आधी त्या ओळीवर पेनाने रेघ मारली.

"हे काय?"

"काही नाही. मांडीवरचे केस पुन्हा एकदा काढून ठेव."

"ताई, तुला विश्रांतीची गरज आहे."

त्याने माझं ऐकलं, बिचारा नेहमीच ऐकतो. नंतर खुंट आले ते रेघेवर आले नाहीत. रेघेच्या चार बोटं वर आले. रोज रिंगणं मोजणाऱ्या बाईला यातून काय समजायचं ते समजलं. मी त्या एका दुपारनंतर त्याला हात लावला नव्हता. तरी कड सरकत होती.

जखमेच्या काठाचा कातडीचा एक कण काढून मी पलीकडच्या विभागात पाठवला. पेशींच्या डॉक्टर माझ्या जुन्या मैत्रीण आहेत. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं.

"पेशी सुरेख आहेत," त्या म्हणाल्या. "जिवंत आहेत, निरोगी आहेत. पण एकही फुटून दोन होत नाहीये. शोधून शोधून थकले. इतकी शांत कातडी मी बघितली नाही कधी. कुणाची गं?"

"पेशंटची," मी म्हणाले.

त्यानंतर मी घरीही उजव्या हातात ग्लोव्ह घालू लागले. कुणी विचारलं तर ॲलर्जी झालीये म्हणून सांगायचे. आम्ही एकाच घरात राहतो, मी वरच्या मजल्यावर, ते खाली. जिना उतरताना कठडा डाव्या हाताने धरायचा, चिमणी धावत आली की डाव्या हाताने थोपवायची. झोपेत हात कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून उजवा हात उशीखाली दाबून झोपायचे. झोप कसली, नुसती तळमळ. तो हात मला कधी गरम लागत नाही, कधी दुखत नाही. तो अगदी साधा हात आहे. मी त्याच्याकडे तासन्‌तास बघत बसते.

टिल्लू मात्र मजेत होता. पाय राहिला होता. काठी टेकत का होईना, चालत होता. चिमणी तर बापाला सोडायलाच तयार नव्हती. दिवसभर त्याच्या मांडीवर, दुपारी त्याच्या पोटावर पाय टाकून झोप, शाळेला सुटी लागल्यावर तर विचारूच नका. इतके महिने खिडकीखालून हात हलवला होता पोरीने. तिला दूर ठेवा असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? आणि काय म्हणून? मी तीनदा तोंड उघडलं, तीनदा काहीतरी भलतंच बोलले.

सुटी संपत आली तेव्हाची गोष्ट. सकाळी मी खाली चहाला गेले. खिडकीतून स्वच्छ ऊन आलं होतं. टिल्लू पेपर वाचत होता, चिमणी त्याच्या मांडीवर बसून दुधात बिस्कीट बुडवत होती.

"ये ताई. तुला एक गंमत सांगू?" त्याने गाल पुढे केला. "हात लावून बघ."

"लांबून दिसतंय मला."

"कधी दाढी केली असेल सांग."

मी पाहिलं. दाट दाढीचा माणूस तो. सकाळी केली की संध्याकाळी गाल हिरवा दिसायचा त्याचा. आता तो एखाद्या मुलासारखा गुळगुळीत होता.

"आज सकाळी," मी म्हणाले.

"हरलीस! तीन आठवडे झाले, ब्लेडला हात लावलेला नाही."

"आळशाला निमित्तच हवं असतं," आतून भावजय म्हणाली. "औषधांनी होतं म्हणे असं. होईना का. पाय राहिला, दाढी गेली तर गेली."

टिल्लू मोठ्याने हसला आणि माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "तुझ्यामुळे पाय राहिला ताई. डॉक्टर काहीही म्हणोत. मला माहितीये."

मी चहाचा कप खाली ठेवला. मी मनातल्या मनात अंतर मोजत होते, नडगीपासून गालापर्यंत.

भावजय बाहेर आली ती चिमणीच्या शाळेचे काळे बूट घेऊन. फडक्याने पुसत होती, तोंडभरून हसत होती.

"आणि ही दुसरी गंमत. दर सुटीनंतर नवीन घ्यावे लागतात, हिचा अंगठा पुढे टेकतो. या वेळी बघा ना ताई, मागचेच बसतायत."

चिमणी मांडीवरून खाली उतरली. एक बूट पायात घालून तिने पाय माझ्यासमोर लांब केला.

"आत्या, आत बोट हलतंय बघ," ती म्हणाली. "अजून जागा आहे."